तांब्यावरचा निळा

समोरचं घर नव्हतं. दीपिकाला पहिल्यांदा वाटलं, भट्टीच्या तोंडात आपण फार वेळ बघत राहिलो म्हणून डोळ्यांपुढे असं झालं असेल. आतल्या नारिंगी उजेडातून नजर काढून एकदम उन्हात पाहिलं की क्षणभर जगाला भोकं पडतात, हे तिला रोजचं होतं. डोळे मिटून उघडले की भोकं भरून यायची. तिने डोळे मिटले, उघडले. समोरच्या घरातली चंदा गल्लीच्या मधोमध उभी होती, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट दीपिकाच्या तोंडासमोर. तिचं बोलणं चालूच होतं. पण तिच्या खांद्यामागे रोज जे दिसायचं, पत्र्याची कड, डिशची छत्री, दोरीवर वाळणारा तिच्या नवऱ्याचा, मुखरूचा खाकी शर्ट, तिथे आभाळ होतं. साधं, दुपारचं, सिमेंटच्या धुळीने पांढुरकं झालेलं आभाळ, जमिनीपर्यंत खाली आलेलं. आवाज नंतर आला, की आधीच येऊन गेला होता आणि तिला तो आत्ता कळला, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. गिट्टीचा ट्रक रिकामा करताना येतो तसा लांबट, घरंगळता आवाज. मग पायाखालून काहीतरी सरकत गेलं, मांजर जावं तसं. मग धूळ वर आली. "मोटर तुह्या बापानं घेऊन देल्ली का मले?" चंदा म्हणत होती. तिने दीपिकाचा चेहरा पाहिला आणि ती मागे वळली.

ती ओरडली नाही. तिने गाऊनवरची ओढणी हळूच डोक्यावरून घेतली, कोणी मोठं माणूस समोर यावं तशी.

भांडण मोटरवरून होतं. दीपिका तांब्याच्या पत्र्यावर काच चढवायची. लोक मीनाकारी म्हणायचे, आणि तीही कुणाला समजावत बसायची नाही की दागिन्यांवरची ती नाजूक मीनाकारी निराळी आणि आपलं हे निराळं. आपण हातभर रुंद पत्रे घेतो, त्यांवर देव नाही, मोर नाही, वेलबुट्टी नाही, नुसते रंग असतात, खाणीच्या कडेच्या मातीचे थर असावेत तसे. नागपूरच्या कलामहाविद्यालयात असताना एका बाईंनी पहिल्यांदा काचेची पूड चाळणीतून तांब्यावर भुरभुरवून दाखवली होती. पीठ भुरभुरवतात तशी. मग पत्रा भट्टीत गेला, आणि बाहेर आला तेव्हा पूड वितळून तांब्याचं कातडं झाली होती. दीपिकाच्या अंगावर काटा आला होता. पुढे नागपूर सुटलं, आई गेली, बाबा एकटे राहिले म्हणून ती चंद्रपूर-घुग्घुस रस्त्यावरच्या या वस्तीत परत आली, आणि मागच्या खोलीत तिने विजेची भट्टी बसवली. भट्टीला विजेचा दाब पुरत नसे. समोर चंदाने पाण्याची मोटर लावली की आतला नारिंगी उजेड मलूल व्हायचा, काच अर्धवट वितळून संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत राहायची. त्या दुपारी पत्रा आत होता आणि मोटर सुरू झाली. दीपिका दारात येऊन ओरडली, "चंदा, बंद कर ते! नाईतं इकडं ये अन् पाह्य काय करून राह्यली तू!" आणि चंदा भांडायला बाहेर आली. दीपिकाच्या जिभेवर पुढचं वाक्य तयार होतं. तुह्या घरात हाय तरी कोन, एवढं पानी भराले? चंदाला मूल नव्हतं. असं वाक्य आपल्या तोंडात तयार होऊ शकतं हे दीपिकाला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. ते बोललं जाण्याआधी घर गेलं.

लोक धावत आले. कुणी चंदाला धरून पारापर्यंत नेलं, कुणी पाणी पाजलं, ते तिच्या हनुवटीवरून खाली गेलं. कारखान्यातून मुखरू मोटरसायकलवर आला, गाडी उभी न करता तशीच आडवी टाकून पळत सुटला, आणि चंदा पारावर जिवंत बसलेली दिसली. तो रस्त्यातच बसला. "दीपिकाबाईनं आवाज देल्ला म्हनून वाचली," कुणीतरी त्याला म्हणालं. मग तेच सगळे म्हणू लागले. एका म्हाताऱ्या बाईने दीपिकाच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली. दीपिका उभी राहिली. नाही, असं नाही, मी तिला वाचवायला बोलावलं नव्हतं, हे सांगायला तोंड उघडावं तर ते दुसरंच वाक्य बाहेर पडेल अशी तिला भीती वाटली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले, आणि लोकांना ते नम्रपणासारखं दिसलं.

धूळ बसल्यावर ती खचलेल्या जमिनीच्या कडेपाशी गेली. जायला नको होतं. पोलीस अजून आले नव्हते, दोरी लागली नव्हती. बाबा आधीच तिथे उभे होते. त्यांनी न बघताच हात मागे करून तिचं मनगट धरलं. जमिनीला विहिरीपेक्षा रुंद तोंड पडलं होतं. वरच्या काळ्या मातीचा थर, त्याखाली पिवळट, त्याखाली राखाडी दगड, सगळं ताजं कापल्यासारखं ओलसर. आणि खूप खाली, तिरपी होऊन उभी राहिलेली एक भिंत. चंदाच्या स्वयंपाकघराची. तिच्यावर चमच्यांची मांडणी अजून खिळ्याला लटकत होती. चुन्यात नीळ घालून दिलेला साधा रंग, पण त्या भिंतीला आयुष्यात कधी ऊन लागलं नव्हतं, आणि आता वरच्या भगदाडातून उन्हाचा एक तुकडा सरळ तिच्यावर पडला होता. हाच तो निळा, दीपिकाच्या मनात आलं. आलं म्हणजे विचार केला असं नाही. भूक लागावी तसं आलं. कितीतरी महिने ती या निळ्याच्या मागे होती. नुसत्या तांब्यावर दिला तर तो हिरवटत होता, पांढऱ्या काचेवर दिला तर शाईसारखा मठ्ठ बसत होता. आधी पांढऱ्याचा पातळ हात, तो घासून कुठे कुठे तांबं उघडं ठेवायचं, मग निळा, आणि भट्टीतून जरा लवकर काढायचा. तिचं डोकं हिशोब करत होतं. चमचे लटकत होते, आणि तिचं डोकं हिशोब करत होतं. मग तिला स्वतःचं कळलं, आणि कडेवरून झटकन मागे सरताना बाबांनीच तिला सावरलं.

"रेती नाई," बाबा म्हणाले.

"काय, बाबा?"

"कुठीच रेती नाई, व."

त्यांचं लक्ष भिंतीकडे नव्हतंच. ते खड्ड्याच्या बाजू पाहत होते.

हरिदास, तिचे बाबा, जमिनीखालच्या कोळसा खाणीत होते. लहानपणी ते डबा घेऊन निघायचे तेव्हा म्हणायचे, "चाललो खाली." दीपिकाच्या मनात ते 'खाली' फार दूर होतं, नदीपलीकडे, रेल्वेच्या रुळांपलीकडे कुठेतरी एक शिडी लावलेली जागा, जिथे सगळ्यांचे बाबा जातात आणि काळे होऊन येतात. त्यांचा चहाचा पांढरा इनॅमलचा मग होता, निळ्या कडेचा. एकदा तो तिच्या हातून ओट्यावर आपटला आणि त्याचा टवका उडाला. आत काळं लोखंड दिसलं. तेव्हा तिला जे वाटलं होतं ते तिने कुणाला सांगितलं नाही: पांढरं हे सगळं वरवरचं आहे, आत सगळीकडे ते काळंच असणार. खड्ड्यावरून घरी आल्यावर बाबा खाटेवर बसले, बंडीच्या खिशातून तंबाखू काढली, तळहातावर घेतली आणि मळायची विसरले. कोळसा काढून झाल्यावर खाली राहणाऱ्या पोकळ्या रेतीने भरायच्या टोळीत ते शेवटची पुष्कळ वर्षं होते. हे तिला माहीत होतं. पण त्या पोकळ्या याच वस्तीखाली होत्या हे तिला माहीत नव्हतं. 'खाली' म्हणजे इथे. या भट्टीच्या खाली, आईने जिथे तुळशीऐवजी मोगरा लावला होता त्या अंगणाखाली. ती शाळेची उजळणी पाठ करत ज्या फरशीवर बसायची तिच्या खाली, घर बांधायच्या आधी, बाबा वाकून चालले असतील.

"तुह्या माईले मीच म्हटलं होतं, इथीच घर बांधू," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या कामाचा भरोसा नाई, पन इथलं आपन सोता भरलं हाय. नळातून पानी अन् रेती सोडत होतो आमी. आत जाऊन कोन पाह्यते? जाताच येत नव्हतं. नळाचा आवाज बदलला का समजायचं, भरलं. भारी होत जाये आवाज." त्यांनी तो आवाज काढून दाखवायचा प्रयत्न केला, आणि घशातून नुसता खोकला आला. "भारी झाला होता, दीपिका. मले बराबर याद हाय. आमी सारे हासलो होतो, झालं म्हनून."

मग रेती कुठे गेली? पाण्याबरोबर आणखी खाली गेली की तिथे कधी पोचलीच नव्हती, हे त्यांना सांगता येत नव्हतं, आणि नंतर आलेल्या खाणीच्या साहेबांनाही आलं नाही. पण बाबांच्या डोळ्यांत जे होतं ते दुःख नव्हतं, लाजही नव्हती. घरातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाने एकाएकी परक्या भाषेत बोलावं तसे ते स्वतःच्या आयुष्याकडे बघत होते. दीपिका त्यांच्याशेजारी बसून राहिली. तांब्यावर काच देताना मागच्या बाजूनेही काच द्यावी लागते. ती बाजू कुणाला दिसत नाही, भिंतीला लागून राहते. पण ती दिली नाही तर निवताना तांबं एकीकडे ओढतं आणि समोरची काच टिचते. कधी लगेच, कधी महिन्यांनी, कुणी हातही न लावता. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, मागचं काम हेच खरं काम. हे बाबांना सांगावं असं तिला वाटलं, आणि लगेच, किती निष्ठुर विचार आहे हा, असंही वाटलं. सगळ्याला आपल्या कामाचीच उपमा सुचते. भिंत दिसली तर रंग, बाप मोडला तर पत्र्याची मागची बाजू.

वस्तीची विजेची लाइन तोडली गेली. भोंग्यावरून सगळ्यांना घरं सोडायला सांगत एक गाडी फिरली. चंदा आणि तिच्या ओळीतली माणसं जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. दीपिकाने रस्त्यापलीकडच्या चाळीत एक खोली मिळवली. सामान हलवताना तिला भट्टीतला पत्रा आठवला. तो आतच राहिला होता. वीज जाईपर्यंत आतच भाजत होता. दार उघडलं तेव्हा तो जाळीवर झोळीसारखा लोंबला होता, रंग उकळून काठांकडे पळाले होते, मधोमध फोड येऊन फुटले होते, आणि त्या फोडांतून काळं झालेलं तांबं दिसत होतं. तिने त्याचा फोटो काढला. का काढला? ती नंतर स्वतःला विचारत राहिली. सवयीने काढला, आणि नागपूरच्या पुनमने विचारलं तेव्हा सवयीनेच पाठवला. पुनम नागपुरात चित्रांचं दालन चालवायची. दीपिकाच्या पत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन तिच्याकडे व्हायचं होतं.

फोन लगेच आला. "दीपिका, माझ्या अंगावर शहारे आलेत. हे तू बनवलेलं नाहीस, हे त्या जमिनीनं बनवलंय. हाच मधोमध लावायचा. आणि त्या खड्ड्याचे फोटो आहेत का? बाजूला लावू."

"ते जळलंय, पुनम. बिघडलंय."

"तेच तर! तुला कळतंय का, लोक यासाठी जन्मभर थांबतात."

दीपिकाने फोन ठेवला आणि हात धुतले. पुनम वाईट नव्हती. वाईट हे होतं, की पुनम बोलत असताना दीपिकाने मनातल्या मनात तो पत्रा पांढऱ्या भिंतीवर लावून पाहिला होता, उजेड कुठून सोडायचा तेही ठरवलं होतं. आणि त्याच्याशेजारी एक निळा. तिला तो निळा आता जमला असता. हात शिवशिवत होते. रात्रंदिवस ती एका गोष्टीची वाट पाहत होती, की आता रडू येईल, आता धक्का आतपर्यंत पोचेल, आणि त्याऐवजी आत नुसता रंग येत होता, स्वच्छ, थंड, चमचे लटकलेला निळा. आपण माणूस आहोत की नाही? आई गेली तेव्हाचाही तिला आठवतो तो आईच्या नखांचा जांभळा.

नव्या खोलीत वीज नीट होती. एका सकाळी तिने भट्टी लावली. निळ्याची बरणी काढली, बघितली, परत ठेवली. जळका पत्रा आत सरकवला. तो लाल झाला, मग नारिंगी. तिने लांब चिमट्याने तो बाहेर काढला आणि तसाच, निवू न देता, गार पाण्याच्या बादलीत बुडवला. काच बिघडलेला पत्रा मोकळा करायचा असला की असंच करतात. एरवी कुणी करत नाही. पाणी किंचाळलं. तांबं आणि काच एका झटक्यात आपापल्या वाटेने आकसली, आणि काच तडतड फुटून तांब्यावरून उडाली, पाण्यात, फरशीवर, तिच्या हातावर. वाफ चेहऱ्यावर आली. वाफ गेली तेव्हा बादलीच्या तळाशी रंगांची वाळू होती आणि चिमट्यात वेडावाकडा, उघडा, गुलाबी तांब्याचा पत्रा.

"काय पडलं? काय पडलं, व?"

बाबा दारात उभे होते. चौकट दोन्ही हातांनी धरून. खाणीत छताचे आवाज ऐकत आयुष्य काढलेला माणूस, फटाक्यांनाही न दचकणारा. पायातली चप्पल एकच होती.

"काई नाई पडलं, बाबा. काच होती. मीच फोडली."

ते खोलीत आले आणि खाली बसले. फरशीवर तळहात टेकवून थोडा वेळ तसेच राहिले, ताप बघावा तसे. मग म्हणाले, "मले शाळेत घेऊन चाल. चंदाकडं."

तिने झाडू घेतला होता. तो तिने तसाच टेकवून ठेवला.

शाळेत वर्गाच्या भिंतीवर फळं आणि त्यांची नावं रंगवलेली होती. त्याखाली सतरंज्या, दान आलेल्या चादरी, स्टोव्ह. चंदा खिडकीखाली बसली होती. कुणाची तरी साडी, कुणाचं तरी ब्लाउज, खांद्यावरून ओघळणारं. मुखरू उठून उभा राहिला. "जय भीम, हरिदासभाऊ," तो म्हणाला, आणि मग हलक्या आवाजात दीपिकाला, "बोलतच नाई ते. त्या दिवसापासून. जेवते, झोपते, पन बोलत नाई. डॉक्टरनं म्हटलं, टाइम लागन." दीपिका चंदाच्या समोर बसली. येताना तिने ठरवलं होतं, की ते वाक्य सांगून टाकायचं. मी तुला असं बोलणार होते, म्हणायचं, मी काही तुला वाचवलं नाही. पण चंदाने तिच्याकडे पाहिलं ते खिडकीतून पाहावं तसं, आरपार, आणि दीपिकाला कळलं की आपलं ते वाक्य इथे कुणालाच नको आहे. ते सांगून फक्त आपल्याला बरं वाटणार आहे.

बाबांनी सतरंजीवर बसायला वेळ घेतला. बसले. हात जोडले नाहीत, पण मांडीवर ते जवळ जवळ ठेवले.

"बाई," ते म्हणाले, "तुह्या घराखाली रेती भराले मी होतो. आमच्या टोळीनं भरली. मले वाटे, भरली. आजवर वाटे." ते थांबले. "हे सांगाले आलो."

मुखरूने मान खाली घातली. कुठेतरी स्टोव्ह फरफरत होता. दीपिकाला वाटलं, आता ही ओरडेल, आता म्हाताऱ्याच्या तोंडावर थुंकेल, आणि ते बरोबरच होईल. चंदाने बाबांकडे पाहिलं. त्यांच्या पायांकडे पाहिलं, गुडघ्यांकडे, हातांकडे, त्या हातांवरच्या कातडीत कायमच्या राहिलेल्या कोळशाच्या निळ्या रेघांकडे.

"तुमी गेले होते तिथी?" तिने विचारलं. आवाज गंजलेला होता.

मुखरू दचकून पुढे सरकला. दीपिकाने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"जिंदगी गेली, बाई, तिथी."

"कसं हाय?"

बाबांनी विचार केला. आयुष्यात कुणी त्यांना हे विचारलं नव्हतं. दीपिकानेही नाही. "अंधार हाय," ते म्हणाले. "पन घाबरन्यासारखं नाई. सवय होते. थंड असते, उनाळ्यातबी थंड. अन् लय शांत."

"पानी हाय?"

ते खोटं बोलू शकले असते. "असन," ते म्हणाले. "आता असन."

चंदा ऐकत होती. सासरी दिलेल्या मुलीची हकीकत विचारावी तशी एकेक गोष्ट विचारून, मनात नीट लावून ठेवत होती. मग तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"दार उघडंच राह्यलं, भाऊ."

"कोनतं दार?"

"माह्यं. भांडाले आली ना मी. कडी नाई लावली. सारं उघडं टाकून आली." ती उठायला लागली, खरंच, हात जमिनीला टेकवून, आत्ता जाऊन लावून येते अशी. "उघडंच हाय ते."

बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि तिला खाली बसवलं.

"राहू दे, बाई," ते म्हणाले. "तिथी आता कोनी येत नाई."

चंदाने मान हलवली. हो, म्हणाली, हो. आणि मग तिच्या छातीतून तो आवाज आला, सुरुवातीला बारीक, खडा घरंगळावा एवढाच, आणि मग त्याच्यामागून सगळंच. बाया धावल्या. मुखरू तिचं डोकं पोटाशी धरून, "रड, रड," म्हणत स्वतः रडायला लागला. दीपिका जिथे होती तिथेच बसून राहिली. तिच्यासमोर एक बाई दुसऱ्याच्या ब्लाउजात रडत होती, आणि त्या ब्लाउजाचा रंग कोणता होता, हे दीपिकाला नंतर कितीही आठवून सांगता आलं नाही.